चूल नसलेल्यांचे शहर: जॉर्जटाउनच्या दुपारच्या जेवणाचा इतिहास

पेनांग बेटावरचे जॉर्जटाउन मलेशियाची खाद्यराजधानी म्हणून ओळखले जाते. 2022च्या डिसेंबरात मिशलिनची मलेशियासाठीची पहिली यादी जाहीर झाली, तेव्हा क्वालालंपूरच्या जोडीला पेनांगचीच निवड झाली होती. या कीर्तीचे एक ठरलेले स्पष्टीकरण सगळीकडे वाचायला मिळते. मलय, चिनी आणि तमिळ लोक इथे एकत्र आले, त्यांच्या चुली शेजारीशेजारी पेटल्या आणि त्यातून ही चव जन्मली, असे ते स्पष्टीकरण. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हेच लोक मलाक्कात पेनांगच्या कितीतरी आधीपासून एकमेकांच्या शेजारी नांदत होते. त्यांच्यात सोयरिकी झाल्या, एक वेगळा मिश्र समाज उभा राहिला, आणि त्या समाजाच्या घरांत नामांकित स्वयंपाक घडला. पण तो बराचसा घरच्या बायकांच्या हातचा, घरच्या माणसांसाठी होता. जॉर्जटाउनचे नाव झाले ते रस्त्यावर, गल्लीच्या तोंडाशी, चहा-कॉफीच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या जेवणामुळे. ताटात काय आहे हे संस्कृतींच्या संगमावरून सांगता येईल. ते ताट भर दुपारी नेमके त्याच गल्लीत का मिळते, हे त्यावरून कळत नाही. माझे म्हणणे असे की, या शहराच्या जेवणाचा नकाशा दिवसभर राबणाऱ्या आणि घरी चूल नसलेल्या माणसांनी आखला. त्यामुळे तिथे चांगले जेवण शोधणाऱ्याने पाककृतींच्या आधी मजुरीचा इतिहास पाहायला हवा.

सुरुवात 1786 सालापासून करावी लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने फ्रान्सिस लाइटने बेट ताब्यात घेतले, ते खुले बंदर म्हणून जाहीर केले, आणि माणसांचा ओघ सुरू झाला. 1794 साली त्याने वरिष्ठांना जो अहवाल धाडला, त्यात चुलिया लोकांचे, म्हणजे कोरोमंडल किनाऱ्यावरून आलेल्या तमिळ मुसलमानांचे वर्णन आहे. हजारेक माणसे स्थायिक झालेली, काहींची कुटुंबे सोबत. त्याखेरीज दर वर्षी जहाजांतून तेराशे ते दोन हजार पुरुष यायचे, व्यापार किंवा मोलमजुरी करून चार पैसे गाठीला बांधायचे आणि परत जायचे, मग त्यांच्या जागी दुसरे यायचे. या अहवालात जेवणाबद्दल एक शब्द नसेल, तरी त्यातच सगळे आहे. स्थायिकांपेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या मोठी, आणि ते जवळजवळ सगळे पुरुष. पुढे दक्षिण चीनमधून आलेल्यांचेही असेच होते; एकोणिसाव्या शतकातल्या शिरगणत्यांमध्ये चिनी पुरुषांपुढे चिनी स्त्रियांची संख्या अगदीच तोकडी दिसते. याच काळात हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेले कैदीही पेनांगला येत होते, त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. त्यांनी बेटावरचे रस्ते बांधले. पण कैद्याच्या शिध्याची जबाबदारी सरकारवर असे. मोकळ्या मजुराच्या हातावर फक्त मजुरी पडे. त्याच्या पोटाची सोय दुसऱ्या कुणीतरी करायची होती, आणि ती करणारेही बहुधा त्याच्यासारखेच परमुलखातून आलेले असत.

नासी कांदार हे जेवण या गरजेतून आले. नासी म्हणजे भात; आणि कांदार हे नाव पडले ते खांद्यावरच्या कावडीमुळे. तमिळ मुसलमान विक्रेता एका बाजूला भाताची टोपली आणि दुसऱ्या बाजूला कालवणांची भांडी लटकवून सकाळीच धक्क्याकडे निघे. सुरुवातीच्या जेवणाचे जे वर्णन पेनांगमध्ये सांगितले जाते ते साधेच आहे: भात, माशाचे कालवण, उकडलेले अंडे, भेंडी. मोठी जहाजे दूर समुद्रात नांगर टाकत, माल पडावांतून किनाऱ्याला येई आणि हमाल तो पाठीवरून गोदामांत नेत. या माणसाला जेवणासाठी लांब जाणे परवडत नसे, म्हणून जेवणच त्याच्यापर्यंत चालत येई. पुढे कावडी खाली उतरल्या आणि दुकाने झाली. कॅम्पबेल स्ट्रीटवरचे हमीदिया स्वतःची स्थापना 1907ची सांगते. पेनांग रोडवरचे लाइन क्लिअर आजही दोन इमारतींमधल्या बोळात आहे. पण वाढण्याची रीत बदललेली नाही, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. वाढपी ताटात भाताचा ढीग घालतो, त्यावर गिऱ्हाईक बोट दाखवील तो तुकडा ठेवतो: तळलेली कोंबडी, माशाची गाभोळी, म्हाकूल, नाहीतर नुसती भेंडी. मग एका पातेल्यातून एक पळी, दुसऱ्यातून एक, तिसऱ्यातून आणखी एक, असे चार-पाच रस्से त्याच भातावर ओततो. भात पुरता बुडवून हवा असेल तर गिऱ्हाईक ‘बांजिर’ म्हणते, म्हणजे पूर आणा. आज चवीचे शौकीन या मिश्रणाचे कौतुक करतात. मला त्यात गरिबाचा हिशेब दिसतो. पैसे एका तुकड्याचे, पण चव मटणाच्या, माशाच्या, कोंबडीच्या अशा सगळ्या पातेल्यांची. आणि पोट भरते ते भातानेच. हा भातही बेटावर पुरेसा पिकत नव्हता. तो ब्रह्मदेशातून आणि सयाममधून याच बंदरात उतरे. तो उतरवणाऱ्या हमालाच्या ताटातही तोच असे.

चिनी वस्तीत वाट वेगळी होती, कारण मात्र तेच. शहरातली दुकानघरे अरुंद आणि खोल, खाली दुकान आणि वर लाकडी फळ्या ठोकून पाडलेल्या खोल्या. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे मजूर, आणि सगळ्या घराला मिळून मागच्या अंगाला एक चूल, फार तर दोन. तिथे रोज दोन वेळचे रांधणे अशक्यच होते. म्हणून दुकानांपुढच्या पाच फुटी आच्छादित पडवीत आणि नाक्यांवर खाण्याचे ठेले लागले, आणि त्यातून कोपिटियाम, म्हणजे कॉफीची दुकाने, उभी राहिली. हैनान बेटावरून आलेले लोक उशिरा पोचले होते. व्यापाराच्या चांगल्या जागा होक्कियन, तेओच्यू आणि कॅन्टनी मंडळींनी आधीच धरलेल्या. हैनानी मग गोऱ्या साहेबांच्या घरी आचारी झाले, नाहीतर त्यांनी कॉफीची दुकाने टाकली. त्या दुकानांची व्यवस्था आजही पाहायला मिळते. मालक फक्त कॉफी, चहा आणि सरबते विकतो. खाण्याचे ठेले वेगवेगळ्या लोकांना भाड्याने देतो. प्रत्येक ठेल्यावर एकच पदार्थ, आणि त्या पदार्थाला ठरलेली वेळ. झिंग्यांच्या रश्शातल्या शेवया, ज्यांना पेनांगात होक्कियन मी म्हणतात, त्या सकाळच्या. चिंचेच्या आंबटगोड माशाच्या रश्शातला आसाम लाक्सा दुपार कलल्यावरचा. शिंपल्या घालून मोठ्या आचेवर परतलेला चार क्वे त्याउ संध्याकाळकडे झुकणारा. परक्या माणसाला ही वेळापत्रके लहरी वाटतात. पण एकच जागा सकाळी एकाने, दुपारी दुसऱ्याने आणि रात्री तिसऱ्याने वापरायची तर घड्याळ पाळावेच लागते, आणि गिऱ्हाईकही पाळीचेच होते.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. एकट्या पुरुषांमुळे हे जेवण जन्मले असेल, तर कुटुंबे आल्यावर ते ओसरायला हवे होते. 1930च्या दशकातल्या मंदीत सरकारने परदेशी पुरुषांच्या येण्यावर मर्यादा घातली. 1933च्या कायद्यातून स्त्रियांना मात्र 1938पर्यंत मोकळीक राहिली. त्या पाच वर्षांत चिनी स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या, संसार थाटले गेले. तरी रस्त्यावरचे जेवण कमी झाले नाही. मला वाटते याचे उत्तर घरांत आहे. बिऱ्हाडे वाढली, पण जागा वाढली नाही. एकट्या पुरुषाच्या खोलीत आता चौघांचे कुटुंब राहू लागले. युद्धानंतर भाडे नियंत्रण आले, आणि 1966च्या कायद्याने 31 जानेवारी 1948पूर्वी बांधलेल्या इमारतींची भाडी गोठवली. जुने जॉर्जटाउन जवळजवळ सगळेच त्यात आले. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, भाडेकरूला जागा सोडणे परवडेना, पोटभाडेकरू वाढत गेले. स्वयंपाकघर तेच राहिले, मागच्या अंगाचे, सामाईक. त्याच कायद्याने कॉफीच्या दुकानाचे भाडेही कमी ठेवले, म्हणून ठेलेवाल्याला एका बशीचे दर मजुराला झेपतील असे ठेवता आले. जॉर्जटाउनच्या खाण्याची चर्चा करताना या कायद्याचा उल्लेख क्वचितच होतो. मी त्याला कोणत्याही मसाल्याइतकेच महत्त्व देईन.

दुसरा पुरावा शहराच्या दक्षिणेला आहे. 1969 साली पेनांगचा खुल्या बंदराचा दर्जा गेला, माल उतरवण्याचे काम समोरच्या मुख्य भूमीवर बटरवर्थकडे सरकू लागले, आणि बेटावर बेकारी माजली. लिम चोंग यू यांच्या राज्य सरकारने 1972मध्ये बायान लेपास इथे मुक्त व्यापार क्षेत्र उघडले. इंटेलसारख्या कंपन्या आल्या. त्यांच्या कारखान्यांत मुख्यतः तरुण मुली लागल्या, त्यांतल्या पुष्कळशा खेड्यापाड्यांतून आलेल्या मलय मुली. लाइटच्या काळातल्या पुरुषांसारख्याच त्या होत्या: घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत, पाळीच्या कामाला, आणि दुपारी हातात तासभराचाही वेळ नाही. पदार्थांची गुणवत्ता घराण्याच्या जुन्या पाककृतीतूनच येते असे मानणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे. त्या भागाला खाण्याची परंपरा म्हणावी अशी नव्हती. तरी काही वर्षांतच कारखान्यांच्या आसपास दुपारच्या जेवणाची दाटी झाली, कारण गरज होती. मलय दुकानांत नासी चाम्पुर, चिनी दुकानांत त्याचाच भाऊ शोभणारा इकॉनॉमी राइस. वीस-तीस भाज्या आणि कालवणे परातींत मांडलेली. आपण भातावर हवे ते वाढून घ्यायचे. दुकानदार ताटाकडे एक नजर टाकतो आणि दर सांगतो. वजनकाटा नाही, दरपत्रक नाही. अनोळखी माणसाला यात फसवणुकीची शंका येते. पण गिऱ्हाईक उद्या पुन्हा येणार, परवाही येणार, या खात्रीवरच हा व्यवहार उभा असतो. दुकानदाराने एकदा जास्त लावले तर पलीकडचे दुकान वीस पावलांवर असते.

आता दुसरा आक्षेप, आणि हा अधिक कठीण. हे सगळे झाले-गेले, आज काय? भाडे नियंत्रण 2000 सालाच्या पहिल्या दिवशी संपले. जुन्या शहरातले भाडेकरू पांगले. 2008च्या जुलैत युनेस्कोने जॉर्जटाउन आणि मलाक्का यांना जागतिक वारसा ठरवले, आणि त्याच दुकानघरांत छोटी हॉटेले व कॅफे आले. दुपारच्या रांगेत आता पर्यटकच जास्त दिसतात, मग मजुरीच्या नकाशाचा उपयोग काय? उपयोग उलट वाढला आहे, असे मी म्हणेन. जिथे गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच येते तिथे दुकानदाराला त्याची नाराजी परवडते, आणि कालांतराने चव आणि दर दोन्ही त्या दिशेने सरकतात. काही नामांकित जागा याला अपवाद आहेत. पण त्या बहुधा अशाच आहेत जिथे आसपासचे लोक अजून रोज जेवतात. म्हणून लेबुह पांताईवर ज्या जुन्या बँका आणि कचेऱ्या अजून चालू आहेत, त्यांच्या मागच्या गल्ल्यांत कामाच्या दिवशी साडेबाराच्या सुमारास पाहावे. शुक्रवारी कपितान केलिंग मशिदीच्या परिसरात पाहावे. सरकारी कचेऱ्यांना त्या दिवशी नमाजासाठी सव्वाबारा ते पावणेतीन अशी लांब सुट्टी असते, आणि बिर्याणीची पातेली त्याच हिशेबाने चढतात. रमजानमध्ये मात्र हाच भाग दिवसा शांत असतो आणि सगळी लगबग तिसऱ्या प्रहरानंतर सुरू होते. 2024च्या डिसेंबरात युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारीच्या संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ते योग्यच झाले. दुपारच्या जेवणाला असा मान मिळण्याची शक्यता कमी दिसते. न्याहारीत निवांतपणा असतो, गप्पा असतात, त्याचे छायाचित्र छान येते. दुपारचे जेवण घाईचे, घामाचे आणि पोटासाठीचे.

पेनांगच्या राज्य सरकारने 2014मध्ये जाहीर केले की ठेल्यांवरचे स्थानिक पदार्थ परदेशी आचाऱ्यांना शिजवू देणार नाही, आणि 2016पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यामागची काळजी मला समजते. मालक ठेला नोकरावर सोपवून जातो, नोकराने तो पदार्थ कधी खाल्लेलाही नसतो, आणि हात बिघडतो. पण उपाय चुकीच्या जागी लावला आहे. कावड घेऊन निघालेला तमिळ, कॉफी गाळणारा हैनानी, कढई परतणारा तेओच्यू, हे सगळे या बेटावर परदेशीच होते. त्यांचा हात टिकला, कारण ते ज्यांच्यासाठी शिजवत होते ती माणसे त्यांच्याच गावची, त्यांच्याच जहाजातून आलेली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर उभी राहणार होती. आज बायान लेपासच्या कारखान्यांत आणि बेटावरच्या बांधकामांवर नेपाळी, बांगलादेशी, बर्मी आणि इंडोनेशियन कामगार आहेत. ते वसतिगृहांत राहतात, पाळीने झोपतात, आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांना स्वतःची चूल आहे. रविवारी कोमतार मनोऱ्याच्या भोवताली ते जमतात, तेव्हा त्यांना त्यांच्या गावाकडचा भात आणि डाळ वाढणारा माणूसही तिथेच आसपास असतो. स्थानिक पदार्थांच्या सरकारी यादीत तो जे शिजवतो ते नाही, म्हणून तूर्त त्याला कुणी अडवत नाही.