जुना पियानो : वाजवावा की जपावा?

सहा वर्षांपूर्वी, वांद्र्यातील एक जुना बंगला पुनर्विकासासाठी पाडला जाण्याच्या आठवडाभर आधी, तिथला उभा पियानो मी विकत घेतला. तो पुण्यात तिसऱ्या मजल्यावर चढवायला सहा हमाल लागले आणि वाहतुकीचा खर्च मूळ किमतीहून अधिक झाला. मराठी वाङ्मय शिकवणाऱ्या, पेटीवर चार भजने वाजवण्यापलीकडे गती नसलेल्या बाईने हा उपद्व्याप का करावा, असे घरच्यांनी विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न. निमित्त मात्र वेगळे आहे. गेल्या पावसाळ्यानंतर पियानोच्या खुंट्या ढिल्या झाल्या आणि हे वाद्य वाजते करावे की जसे आहे तसे जपावे, हे ठरवण्याची वेळ आली. हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. तो या वाद्याच्या इतिहासातच मुरलेला आहे, हे वाचता वाचता लक्षात आले.

पियानोचा जन्म फ्लॉरेन्सचा. मेदिची घराण्यातील राजपुत्र फर्दिनांदो याच्या पदरी असलेला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा त्याचा जनक. तत्पूर्वीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाई. पट्टी हलकेच दाबा वा जोराने, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने तार छेडण्याऐवजी तिच्यावर हातोडीचा आघात करण्याची युक्ती काढली. खरी अडचण पुढे होती. हातोडी तारेला टेकून राहिली तर नाद तिथेच दबतो. म्हणून आघात होताक्षणी, बोट पट्टीवर असतानाच, हातोडी सुटून मागे आली पाहिजे. ही सुटका त्याने साधली. हळू आणि मोठा असे दोन्ही आवाज काढणाऱ्या या वाद्याची नोंद मेदिचींच्या १७०० सालच्या वाद्यसूचीत सापडते आणि १७११ मध्ये शिपिओने माफ्फेई याने त्यावर सविस्तर लेख लिहिला.

क्रिस्तोफोरीचे तीनच पियानो आज शिल्लक आहेत : १७२०चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, १७२२चा रोममध्ये आणि १७२६चा लाइपझिगमध्ये. पैकी न्यूयॉर्कचा वाजतो. पण १९३८ मध्ये त्याचा ध्वनिफलकच नवा बसवण्यात आला. तारांचे कंपन ज्या लाकडी फळीमुळे नाद बनून बाहेर पडते, तीच बदलली, तर आपण ऐकतो तो आवाज कोणाचा? उलट रोमचा पियानो किड्यांनी पोखरलेला आहे. तो वाजत नाही. एक बोलतो, पण उसन्या कंठाने. दुसऱ्याचा कंठ गेलेलाच आहे. आपल्याकडे संहितेची चिकित्सा करणाऱ्याला ही कोंडी नवी नाही. पोथीतील गळालेले शब्द भरावेत, की रिकामी जागा रिकामी ठेवावी?

व्हायोलिनला ही कोंडी एवढी जाचत नाही, कारण चांगले व्हायोलिन वयाबरोबर मोल मिळवते. पियानो झिजतो. ध्वनिफलकाचा किंचित फुगवटा सपाट होतो, हातोड्यांवरचा नमदा कडक होतो, खुंट्यांची पकड सुटते. म्हणूनच जुने पियानो बहुधा कवडीमोलाने जातात. आधुनिक मोठ्या पियानोतील दोनशेहून अधिक तारांचा एकत्रित ताण वीस टनांच्या घरात जातो. हा भार पेलण्यासाठी एकोणिसाव्या शतकात लाकडी सांगाड्याच्या जागी ओतीव लोखंडी चौकट आली. १८२५ मध्ये बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने तिचे पेटंट घेतले. १८५९ मध्ये स्टाइनवेने मोठ्या पियानोत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेण्याची रचना रूढ केली. आवाज भरदार झाला, सभागृहे भरू लागली.

पण जे मिळाले त्यासाठी काहीतरी द्यावे लागले. लाकडी सांगाड्याच्या, सरळ तारांच्या पियानोत मंद्र, मध्य आणि तार सप्तकांचे रंग निरनिराळे असतात : खाली किंचित घोगरा, मध्ये गाता, वर काचेसारखा. नव्या पियानोने हे रंग एकसारखे केले. जुन्या पियानोच्या रसिकाला वेड लावतो तो हा वेगळेपणा. पियानोचा इतिहास सुधारणांचा म्हणून लिहिला जातो; कानाने वाचला तर तो काही आवाज हरवण्याचाही आहे.

याचे सर्वांत हृद्य उदाहरण म्हणजे लंडनच्या टॉमस ब्रॉडवुडने बेटोव्हनला भेट पाठवलेला पियानो. १८१७च्या अखेरीस तो लंडनहून निघाला, समुद्रमार्गे त्रिएस्तला आणि तेथून खडतर रस्त्याने व्हिएन्नाला, १८१८ मध्ये पोहोचला. तोवर बेटोव्हनची श्रवणशक्ती जवळपास गेली होती. ज्या नादासाठी हे वाद्य एवढा प्रवास करून आले, तो नाद त्याला धड ऐकू येत नव्हता. तरीही ते त्याने अखेरपर्यंत जवळ ठेवले. पुढे ते लिस्टकडे आणि तेथून बुडापेस्टच्या हंगेरियन राष्ट्रीय संग्रहालयात गेले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याची दुरुस्ती होऊन ध्वनिमुद्रणही झाले. मालकाने कदाचित कधीच नीट न ऐकलेला आवाज आज आपण ऐकू शकतो.

भारतात पियानो आला तो जहाजातून, साहेबाच्या दिवाणखान्यासाठी. इथल्या दमट हवेत सरस सुटतो, लाकूड फुगते, नमद्याला कसर लागते. म्हणून इंग्रज कारागीर वसाहतींसाठी भरीव लाकडाचे, पितळी स्क्रूंनी जखडलेले खास पियानो बनवीत. माझा त्याच जातीचा आहे. आपल्या संगीताने मात्र त्याला फारसे जवळ केले नाही. मींड नाही हे कारण सांगितले जाते. पण मींड पेटीतही नाही, आणि पेटीला तर आपण संगीत नाटकापासून कीर्तनापर्यंत घरचे केले. पेटी स्वस्त होती, काखेत मारून नेता येत होती आणि मांडी घालून वाजवता येत होती. पियानो राहिला तो मुंबई-गोव्याच्या ख्रिस्ती आणि पारशी घरांत, आणि हिंदी चित्रपटांत. ‘अंदाज’ (१९४९) मध्ये पियानोशी बसलेला दिलीपकुमार हीच माझ्या पिढीच्या अनेकांची या वाद्याशी पहिली ओळख.

हे सुख निष्पाप नाही, हेही नोंदवले पाहिजे. माझ्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर बारकाईने पाहिले तर आडवी केसासारखी रेघ दिसते. दोन पातळ तुकडे तिथे जोडलेले असतात. ही हस्तिदंताची खूण. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून झांझिबारमार्गे जाणाऱ्या हस्तिदंताच्या व्यापाराला गुलामगिरीची साथ होती आणि त्याचे एक मोठे गिऱ्हाईक पियानोचे कारखाने होते. ती रेघ बोटाला लागत नाही. पण एकदा कळल्यावर डोळ्यांना दिसल्यावाचून राहत नाही.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यात फिंचकॉक्स नावाचे एक घर होते. तिथे जुने पियानो नुसते मांडलेले नसत. पाहुण्यांना ते वाजवू देत. २०१५ मध्ये ते संग्रहालय बंद झाले आणि बहुतेक वाद्ये विकली गेली. वाजवली म्हणून ती झिजली असतीलच. पण ऐकणाऱ्यांच्या कानांत ती जेवढी उरली, तेवढी काचेआड उरली नसती.

माझ्या पियानोपुरते सांगायचे तर, स्वर जुळवणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी दोन मार्ग सांगितले : तारा, खुंट्या, हातोड्या सगळे नवे बसवायचे, किंवा ताण कमी करून तो अर्धा स्वर खाली लावायचा. मी दुसरा मार्ग पत्करला. परिणामी आता माझ्या पियानोची काळी एक जगाच्या पांढरी एकशी जुळते. मुलीच्या कीबोर्डबरोबर तो वाजत नाही, गाणाऱ्या मैत्रिणीला साथ द्यायची तर सारे हिशेब बदलावे लागतात. तो स्वतःशी मात्र सुरात आहे, आणि त्याच्या तारा त्याच्याच आहेत. संध्याकाळी अर्धा तास मी तो वाजवते. चुकत माकत, खालच्या स्वरात.