गोळी कुणावर, हे विचारणारे शिपाई

आमच्या वस्तीत फौजेची पेन्शन घेणारे एक आबा होते. नात्याने आईचे चुलते. आई चौथीपर्यंत शिकली ती त्यांच्या मनिऑर्डरीवर, आणि मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो त्याचे मूळही तिथेच आहे. कॉलेजात असताना मी त्यांना एकदा विचारले होते, "आबा, लढाईत भ्या वाटायचं का?" ते म्हणाले, "सरहद्दीवर न्हाई. तिथं समोर कोण हाय ते ठावं असतंय. आपल्याच मुलखात बंदोबस्ताला उतरवलं की पाय जड व्हायचे." पुढे ते बोलले नाहीत. वारले तेव्हाही ती गोष्ट अर्धीच राहिली होती.

आता इतिहास शिकवताना हे अर्धे वाक्य मला सतावते. शिपायाला बोलण्याची सोय आपण ठेवलेली नाही. आणि कुणी बोललाच, तर त्याच्या प्रश्नाचे काय, हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न छापला कसा, छापल्याने शिस्त बिघडते की नाही, एवढ्यावरच चर्चा चालते.

२३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्साखानी बाजारात गढवाली पलटणीच्या दोन तुकड्यांनी निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला नकार दिला. शिपाई हिंदू, जमाव पठाण मुसलमानांचा. चंद्रसिंह गढवाली यांना जन्मठेप झाली, त्यांच्या सोबत्यांना लांबलांबच्या शिक्षा झाल्या. विठ्ठलभाई पटेलांनी चौकशी करून अहवाल लिहिला, तर सरकारने तो अहवालच जप्त केला. इथवर परक्या सरकारची गोष्ट झाली. पण मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात सत्याग्रही कैदी सुटले आणि हुकूम मोडणारे शिपाई व पोलीस स्पष्ट शब्दांत वगळले गेले. पुढे एका फ्रेंच पत्रकाराने विचारले तेव्हा गांधीजींनी गढवाली शिपायांची बाजू घेतली नाही. उद्या राज्य आमच्या हाती आले तर हेच शिपाई आमचाही हुकूम मोडतील, असा त्यांचा हिशेब होता. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने गोळी न झाडणाऱ्याला दोष द्यावा, ही विसंगती आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी आली नाही.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार'वरून नाविकांचे बंड उठले. त्यांच्या मागण्यांत जेवण आणि पगार होता, तशीच हिंदी फौज इंडोनेशियातून परत आणा, हीसुद्धा मागणी होती. म्हणजे आम्हाला कुणाविरुद्ध वापरता, हा प्रश्न होता. कॅसल बराकीला मराठा पलटणीचा वेढा पडला. ते जवान आपल्या माणसांवर नेम धरायला राजी नव्हते, असे नाविकांच्या बाजूने सांगितले गेले आहे. 'फ्री प्रेस जर्नल'ने नाविकांची बाजू छापली. सरदार पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला, आणि स्वतंत्र हिंदुस्थानालाही फौज लागणार आहे, तिच्या शिस्तीशी खेळ नको, असे नंतर लिहिले. मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसे मेली. स्वातंत्र्य आले, पण बडतर्फ नाविकांना आरमाराची दारे उघडली नाहीत.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून निघालेली फौज नळदुर्गमार्गे निजामाच्या मुलखात शिरली. पाच दिवसांत निजाम शरण आला. रझाकारांनी इथे जे केले ते खरेच आहे. आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'रजाकारात' हा शब्द अजून काळ मोजायला येतो. पण नंतर जे झाले त्याला शब्द नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरली. तिच्या अंदाजाने संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चारच जिल्ह्यांत १८ हजारांच्या वर. तेव्हा लातूर आपल्याच जिल्ह्यात होते, आणि तिथली कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, हेही समितीने नोंदवले. काही ठिकाणी फौजेतली आणि पोलिसांतली माणसे लुटीत आणि हत्येत सामील होती, हेही लिहिले. सरसकट सगळी फौज तशी वागली असे ती म्हणत नाही.

तो अहवाल सरकारने छापला नाही. त्यातले उतारे बऱ्याच दशकांनी बाहेर आले, २०१३ मध्ये बीबीसीने बातमी केली, तेव्हा लोकांना कळले. मला मोजायचे आहे ते वेगळेच. त्या सप्टेंबरात 'मी हे करणार नाही' म्हणणारा एकही शिपाई नसेल, असे मला वाटत नाही. अहवाल दडवल्याने गुन्हेगार वाचले, तसा तोही पुसला गेला.

आम्हा दलितांना या प्रश्नावर चटकन बोलता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. फौजेचे दार आम्हाला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्जांवर अर्ज केले. १९१७ ची १११ महार पलटण १९२१ ला मोडली, आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने. ज्या वर्दीसाठी तीन पिढ्या झगडल्या, तिच्याबद्दल प्रश्न विचारताना जीभ अडखळते. शिवाय १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळत होत्या तेव्हा बंदोबस्त यावा म्हणून वाट पाहणारे आम्हीच होतो. हुकूम आपल्या मनाने निवडणारी फौज उद्या कुणाची बाजू घेईल? सवर्ण गावाने वेढलेल्या वस्तीने हा विचार केलाच पाहिजे.

म्हणून शिपायांनी हुकमावर मते घ्यावीत, असे माझे म्हणणे नाही. संविधानाच्या कलम ३३ ने सैनिकांचे मूलभूत हक्क संसदेला मर्यादित करता येतात, आणि वृत्तपत्रांशी बोलायला लष्करी नियमांची बंदी आहे. त्यामागची गरज मला कळते. हुकमाप्रमाणे वागलेल्या शिपायाला कायदा संरक्षण देतो. पूर्वीच्या फौजदारी संहितेत ते होते, २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. पण गोळी झाडणाऱ्याला ढाल मिळते, तर पाहिलेले सांगणाऱ्याला का मिळू नये? बंदोबस्त उठल्यावर, पेन्शनीत गेल्यावर तरी साक्ष द्यायला जागा हवी. ती नसल्यामुळे १९४८ चा साक्षीदार म्हणून आपल्या हाती फक्त एक दडवलेला कागद उरला.

गेल्या वर्षी वर्गात मी लातूरचे आकडे सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचा भाऊ निमलष्करी दलात आहे, बाहेर राज्यात बंदोबस्ताला. "सर, त्याला हे विचारू का?" मी म्हणालो, फोनवर विचारू नको. सुट्टीला येईल तेव्हा विचार, आणि तो बोलला तर तारीख घालून लिहून ठेव.