औद्योगिक अपघात-चौकशीच्या पद्धतींची कसोटी : 1944 च्या मुंबई गोदी स्फोटाच्या संदर्भात

प्रस्तावना :
औद्योगिक इतिहासात भांडवल व उत्पादन यांची जितकी चर्चा झाली, तितकी अपघातांच्या चौकशीची झालेली नाही. नेवासा तालुक्यात भेंडे व सोनई येथे साखर कारखाने आहेत. गव्हाण व बॉयलर यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांना हा विषय परका नाही. चौकशीची पद्धत कशी पारखावी, याचा विचार प्रस्तुत निबंधात एका ऐतिहासिक घटनेच्या आधारे केला आहे.

दोन दृष्टिकोन :
अमेरिकेतील एच. डब्ल्यू. हाइनरिश यांनी 1931 मध्ये सुमारे 88 टक्के अपघात असुरक्षित कृतींमुळे घडतात, असे मांडले. मात्र त्यांचा आधार विम्याचे दावे व कारखान्यांचे अहवाल हा होता. अहवाल पर्यवेक्षकाने लिहिला की दोष कामगाराकडे जाणे स्वाभाविकच. याउलट जेम्स रीझन यांनी 1990 मध्ये व्यवस्थेतील सुप्त दोषांकडे लक्ष वेधले.

घटनेवरील उपयोजन :
14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटके व कापसाच्या गासड्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास आगीची वर्दी गेली. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला व अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. मृतांचे अंदाज 800 ते 1,300 असे आहेत. त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते.

पहिल्या पद्धतीने या घटनेकडे पाहिल्यास शोध निष्काळजीपणे टाकलेल्या सिगारेटपाशी थांबतो. दुसरी पद्धत पुढे विचारते : कापूस व स्फोटके एकत्र का भरली? युद्धकाळात असे जहाज थेट गोदीत का आले? धोक्याचे लाल निशाण का नव्हते? हाती असलेल्या दोन तासांत निर्णय कोणी घ्यावयाचा होता? पहिले उत्तर एका अज्ञात व्यक्तीला दोषी ठरविते. दुसऱ्या उत्तरांतील प्रत्येक बाब नियमाने बदलता येण्याजोगी आहे.

निष्कर्ष :
1948 च्या कारखाना अधिनियमात 1976 च्या दुरुस्तीने प्राणांतिक अपघाताची सूचना मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत चौकशी बंधनकारक केली. कायद्याने मुदत घातली, कार्यपद्धती मात्र राज्याच्या नियमांवर सोपविली. म्हणून चौकशीची खरी कसोटी दोषी सापडला की नाही ही नसून, तिच्या निष्कर्षांमुळे तोच अपघात पुन्हा टळू शकेल काय, ही आहे. मृत कामगार स्वतःची बाजू मांडू शकत नाही. पद्धतीनेच ती मांडावयाची असते.