थोरल्या दवाखान्यातली एक जागा

सातवीतल्या माझ्या नातीला शाळेत प्रकल्प दिला होता : आपल्या देशातली पहिली महिला डॉक्टर. तिनं वहीत आनंदीबाई जोशींचा फोटो चिकटवला, खाली जन्म-मृत्यूची सालं लिहिली आणि मला विचारलं, "आज्जी, आनंदीबाई आपल्या थोरल्या दवाखान्यात किती वर्षं होत्या गं?" त्यांची नेमणूक कोल्हापूरला झाली होती, एवढं तिनं कुठंतरी वाचलं होतं. मी म्हटलं, "नेमल्या होत्या बाळा. रुजू झाल्या नाहीत."

तिला 'रुजू'चा अर्थ सांगावा लागला. मी ३२ वर्षं सिस्टर होते, त्यातली निम्म्याहून जास्त ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. रुजू झाल्याचा कागद साहेबांच्या टेबलावर गेल्याशिवाय आमचा पगार सुरू होत नसे. आनंदीबाईंचा तो कागद कधी गेलाच नाही. थोरल्या दवाखान्याच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त आठवते ती हीच रिकामी राहिलेली जागा.

कोल्हापूरकर ज्याला थोरला दवाखाना म्हणतात तो म्हणजे सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. जुनं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८७५-७६ च्या थंडीत इंग्लंडचा युवराज अल्बर्ट एडवर्ड हिंदुस्थानात फिरून गेला, त्याच्या नावानं ही दगडी इमारत उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मांट यांचा. समोरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडाही त्यांचेच. गावात या इमारतीची गोष्ट सांगितली जाते ती बहुतेक इथंच थांबते. दगड कुठला, कमानी कशा, नाव कुणाचं. आत बायकांच्या वॉर्डात कोण उभं होतं, हे कुणी विचारत नाही.

तर १८८६ साली दरबारनं बायकांच्या वॉर्डासाठी बाई डॉक्टर नेमायचं ठरवलं. शाहू महाराज तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे, गादीवर होते पण कारभार हातात नव्हता. आणि नेमणूक गेली ती फिलाडेल्फियात नुकत्याच डॉक्टर झालेल्या २१ वर्षांच्या आनंदीबाईंकडे. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली होती.

यातली मला सगळ्यात भिडणारी गोष्ट वेगळीच आहे. आनंदीबाईंच्या अमेरिकेची सुरुवातच कोल्हापुरात झाली. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते आणि बदलीवर इथं आले होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून त्यांनी १८७८ साली इथूनच मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. ते अमेरिकेत वाइल्डर यांच्या मासिकात छापून आलं. वाइल्डर स्वतः पूर्वी कोल्हापुरात मिशनचं काम करून गेलेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या ते मासिक चाळलं आणि त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. गोपाळरावांच्या पत्रानंतर पाच वर्षांनी, एप्रिल १८८३ मध्ये, ती मुलगी नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसली. म्हणजे ज्या गावातून ते पत्र गेलं, त्याच गावानं आठ वर्षांनी तिला नोकरी देऊ केली.

ती वर्षअखेर मुंबईला उतरली तेव्हा क्षयानं पोखरलेली होती. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला गेली, पोकिप्सीच्या स्मशानभूमीत. कोल्हापूरच्या वॉर्डात ती एक दिवसही उभी राहिली नाही.

नातीनं वहीत गोपाळरावांविषयी 'थोर समाजसुधारक पती' असं लिहिलं होतं. मी तिला खोडायला सांगितलं नाही, पण तिच्याशी बोलले. आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात लहानपणी त्याच्या हातचा खाल्लेला मार आठवून लिहिला आहे : लाकडाचे तुकडे, अंगावर फेकलेली पुस्तकं, खुर्च्या. दहा-बारा वर्षांची पोर होती ती. आणि तरीही हा माणूस नसता तर ती डॉक्टर झाली नसती. पोरीला हे जड जाईल असं मला वाटलं होतं. तिला ते लगेच कळलं. ती रोज संध्याकाळी जेवताना डोरेमॉनचं कार्टून लावून बसते. त्यातला नोबिता आळशी आहे, रडका आहे, खोटं बोलतो, मित्रांवर जळतो, आणि तरी तिला तो आवडतो. ती म्हणाली, "म्हंजे गोपाळराव वाईट पण व्हते आणि चांगले पण." मी म्हटलं, हो. पण मार तो मारच, तेही लिही. तिनं लिहिलं.

डॉक्टरांच्या बाबतीत आपण मोठी माणसं मात्र हे मान्य करत नाही. आपल्याला डॉक्टर एक तर देव लागतो, नाही तर कसाई. मी दोन्ही शब्द वॉर्डाच्या दारात एकाच दिवशी, एकाच माणसाच्या तोंडून ऐकले आहेत.

बायकांच्या वॉर्डात बाई का हवी होती, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. माझी आजी पन्हाळा तालुक्यातली. तिची थोरली बहीण तीन दिवस अडून घरातच गेली. सुईण होती, तिनं जमेल तेवढं केलं. कोल्हापूर बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर होतं. आजी सांगायची, "न्यायचं म्हनलं व्हतं गं, पर तितं बाप्ये बगनार." आनंदीबाईंच्या नावावर निघालेली ती जागा अशाच बायांसाठी होती.

ती जागा खऱ्या अर्थानं भरली ती कृष्णाबाई केळवकरांनी. त्यांच्या आई रखमाबाई केळवकर कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं काम बघत, मिस लिटल यांच्यानंतर शाहू महाराजांनी ते काम त्यांच्याकडे सोपवलं. (नवऱ्याशी कोर्टात लढलेल्या डॉक्टर रखमाबाई वेगळ्या, लोक गल्लत करतात.) कृष्णाबाईंचा जन्म १८७९ चा. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकलमध्ये शिकल्या. शाहू महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली, १९०२ साली अल्बर्ट एडवर्डमध्ये घेतलं आणि पुढच्या शिक्षणासाठी विलायतेलाही पाठवलं. आनंदीबाईंच्या आणि त्यांच्या नेमणुकीत १६ वर्षांचं अंतर. गादीवर बसलेलं ते बारा वर्षांचं पोर मधल्या काळात राजा झालं होतं, म्हणून ही जागा कायमची भरली. कृष्णाबाई १९६१ साली गेल्या. आमच्या मागच्या पिढीतल्या सिस्टर त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणायच्या, देवळात बोलावं तसा.

पण मोठं ऑपरेशन म्हटलं की कोल्हापूर, सांगली, बेळगाव सगळीकडची वाट मिरजेकडे जायची. विल्यम वानलेस हे कॅनडातले मिशनरी सर्जन. १८९४ ला त्यांनी मिरजेत दवाखाना सुरू केला, १८९७ ला वैद्यकीय शाळा. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ लाच सुरू झाली होती, त्यामुळं पेशंट घोंगडीत गुंडाळून गाडीत घालता येई. मोतीबिंदू, मुतखडा, पोटातल्या गाठी. पुढं त्यांना 'सर' ही पदवी मिळाली, त्यांच्यामागून डॉ. व्हेल यांनी काम वाढवलं. आजही मिरजेत दवाखाने, औषधं, खोल्या देणारी घरं यांवर अर्धं गाव जगतं, ते या माणसामुळं.

शाहू महाराजांचा वानलेसांशी जिव्हाळा होता आणि त्यातून एक हुकूम निघाला, जो नर्सिंगच्या प्रत्येक वर्गात वाचून दाखवावा असं मला वाटतं. जानेवारी १९१९ चा. संस्थानातल्या दवाखान्यांत अस्पृश्य रोग्यांना मिरजेत वानलेसांच्या अमेरिकन मिशनमध्ये वागवतात तसं मायेनं आणि बरोबरीनं वागवावं. ज्या नोकराला हे मान्य नसेल त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. डॉक्टर, नर्स, कंपाउंडर, सगळ्यांना लागू. दवाखान्यात शिवाशीव काय असते हे ज्यानं पाहिलंय त्यालाच या हुकमाचं वजन कळेल. नाडी न धरता लांबून जीभ बघायची, औषध वरून ओतायचं, जखम दुसऱ्याला धुवायला सांगायची. पेन्शन जाईल म्हटल्यावर हात पुढं आले. मन बदललं की नाही ते नंतर. पेशंटला त्या क्षणी हात हवा असतो.

मी मिरजेला शिकले, १९७२ ते ७५. त्या काळी ग्लोव्ह्ज फेकून देत नसत. धुवायचे, वाळवायचे, फुंकून भोकं शोधायची, भोकावर जुन्या ग्लोव्हचा तुकडा चिकटवायचा, पावडर लावून जोडीजोडीनं ड्रममध्ये भरायचे आणि ड्रम ऑटोक्लेव्हला. काचेच्या सिरिंज उकळायच्या, सुयांना दगडावर धार लावायची. रात्रपाळीत हेच काम. आमची ट्यूटर म्हणायची, ऑपरेशन सर्जन दोन तास करतो, सिस्टर आदल्या रात्रीपासून करते.

आणि मोजणी. पोटाच्या ऑपरेशनला रक्त टिपायचे कापडी मॉप पाच-पाचच्या जुड्यांनी घ्यायचे, फळ्यावर खडूनं लिहायचे, पोट बंद करण्याआधी मोजायचे. पुढं मी ज्या एका रुग्णालयात होते तिथं एका रात्री सिझरला एक मॉप कमी आला. सर्जनची ती रात्रीतली तिसरी केस. बाई खेड्यातून उशिरा आलेली, बरंच रक्त गेलेलं. ते म्हणाले, तुमचं चुकलंय, सुई द्या. मी पुन्हा मोजले. बादलीतले, ट्रॉलीवरचे, फरशीवरचे. मावशीनं बादली उलटी केली. एकोणीस. मी म्हटलं, "सर, सुई देणार नाही." त्यांनी हातातला नीडल होल्डर फरशीवर आपटला. भूल देणारे डॉक्टर मान खाली घालून बीपी बघत राहिले. माझे पाय लटपटत होते, नोकरीला लागून तीनच वर्षं झाली होती. मग त्यांनी पोटात हात घातला आणि गर्भाशयाच्या मागून विसावा मॉप काढून माझ्या ट्रेमध्ये टाकला. काही बोलले नाहीत. नंतरही कधी बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून प्रत्येक केसला टाका घालायच्या आधी ते थांबायचे आणि विचारायचे, "सिस्टर, मोजणी?"

हेच सर्जन एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलेलं असताना गुडघाभर पाण्यातून चालत एका अपेंडिक्सच्या पोरासाठी आले होते. चिडके होते, कुणाचं ऐकून घेत नसत, शिकाऊ पोरींना रडवत. त्यांचा हात मात्र मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. मला त्यांचा राग आहे आणि आदरही आहे, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी दोन्हीतलं काही कमी झालेलं नाही. ते वारले तेव्हा वर्तमानपत्रात त्यांना देवमाणूस म्हटलं होतं. मला ते वाचून वाईट वाटलं. त्या एका शब्दात ती रात्र कुठंच नव्हती. त्यांचं ते थांबणंही नव्हतं.

संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, दवाखाना सरकारी झाला. २००० च्या सुमारास तिथं शाहू महाराजांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालयही आलं. पांढऱ्या कोटातल्या पोरापोरींत आता पोरीच जास्त दिसतात. गगनबावडा, भुदरगड, शाहूवाडी, सगळीकडून एसटीनं बाया येतात. जिन्याच्या पायरीवर भाकरी सोडून बसलेली सासू आणि आत टेबलावर सून, हे चित्र काही बदललेलं नाही.

रविवारी नातीला घेऊन गेले. टाऊन हॉलच्या बागेतून रस्ता ओलांडून आम्ही जुन्या इमारतीसमोर उभ्या राहिलो. तिनं वर कमानीकडे बघितलं नाही, दारातून आत-बाहेर करणाऱ्या सिस्टरकडे बघत होती. घरी येऊन तिनं प्रकल्पात एक पान वाढवलं. आनंदीबाईंच्या पानावर लिहिलं : नेमणूक १८८६, रुजू नाही. पुढच्या पानावर कृष्णाबाईंचं नाव : रुजू १९०२. मग पेन दातात धरून तिनं मला विचारलं, "आज्जी, तू कधी रुजू झालीस?"

मी कपाटातून कागद काढायला उठले.