फुप्फुसाचा कर्करोग, जनुकीय बदल आणि रुग्णाचे आयुर्मान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले व संस्थानातील शाळांतून तो रुजविला. आरोग्य माणसाच्या स्वतःच्या आचरणावर अवलंबून असते, ही त्यामागील धारणा होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील महाराष्ट्राच्या आरोग्यविचाराचे हे प्रातिनिधिक सूत्र म्हणता येईल. त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. तथापि, आरोग्य आचरणाने लाभते तर आजार दोषामुळेच येतो, असा समजही त्यातून सहज बळावतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना या समजाचा जाच विशेष होतो. या रोगाविषयीचे ज्ञान आचारापासून जनुकापर्यंत कसे पोहोचले आणि त्यामुळे रुग्णाच्या आयुर्मानात कोणता फरक पडला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आचार आणि रोग

मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोग आणि लोकांच्या चालीरीती यांचा संबंध शोधण्यास प्रारंभ केला. कमरेला सतत घट्ट बांधलेल्या धोतरामुळे त्वचेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाचे त्यांनी केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. १९५५ साली डॉ. एल. डी. संघवी व सहकाऱ्यांसह त्यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा मुख आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. तत्पूर्वी १९५० साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांतील नाते दाखवून दिले होते. हे निष्कर्ष आजही अबाधित आहेत. तंबाखूचा धूर हेच या रोगाचे प्रमुख कारण आहे.

रुग्ण किती काळ जगतात हे सांगण्यासाठी मात्र नोंदींची आवश्यकता होती. मुंबईत १९६३ साली देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी सुरू झाली. या नोंदींमुळे कर्करोग हा केवळ शहरी रुग्णालयाचा विषय न राहता खेड्यांतील रुग्णही शास्त्रीय गणनेत आला.

जनुकाचा शोध

पेशीच्या पृष्ठभागावर ‘ईजीएफआर’ नावाचे एक ग्राही प्रथिन असते. बाहेरून वाढीचा संदेश आला की ते जागृत होते व पेशीला विभाजनाची सूचना देते. या क्षेत्रातील मूलभूत संशोधनाबद्दल स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिकाचा सहमान मिळाला. हे प्रथिन रोखणारे गेफिटिनिब हे औषध २००३ साली अमेरिकेत मान्य झाले. परंतु त्याचा गुण थोड्याच रुग्णांना येई. त्याचे कारण २००४ साली उलगडले. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर जनुकात विशिष्ट बदल झालेला असतो, त्यांनाच हे औषध प्रामुख्याने लागू पडते. या बदलामुळे संदेश नसतानाही प्रथिन सतत कार्यरत राहते आणि गाठ त्यावरच विसंबून वाढते.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ या आशियाई चाचणीने ही गोष्ट निःसंशय केली. जनुकीय बदल असलेल्या रुग्णांत गेफिटिनिबने रोग अधिक काळ आटोक्यात राहिला. बदल नसलेल्यांना मात्र रसायनोपचारच अधिक हितकर ठरला. म्हणजेच तपासणीविना दिलेले चांगले औषधही अपायकारक ठरू शकते.

महाराष्ट्राचे योगदान

२०१३ साली टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांनी ९०७ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरमधील बदल आढळला आणि धूम्रपान न करणाऱ्यांत त्याचे प्रमाण अधिक होते. व्यसन नसलेल्या रुग्णाचा हा रोग अपवाद मानून बाजूला सारता येत नाही, हे यातून स्पष्ट होते.

पुढे याच केंद्रात ३५० रुग्णांवर एक चाचणी झाली. केवळ गेफिटिनिब घेणाऱ्यांत रोग आटोक्यात राहण्याचा मध्यमान कालावधी ८ महिने होता. गेफिटिनिबला रसायनोपचाराची जोड दिल्यावर तो १६ महिने झाला. एकूण आयुर्मानही वाढले. तथापि, गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावरून निम्म्यावर गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अन्य एका आंतरराष्ट्रीय चाचणीत ऑसिमर्टिनिब या नव्या औषधाने मध्यमान आयुर्मान ३१.८ वरून ३८.६ महिन्यांवर नेले. मुंबईच्या चाचणीचे महत्त्व असे की तिने जुन्या आणि भारतात जेनेरिक स्वरूपात मिळणाऱ्या औषधांतूनच मार्ग काढला.

एक आवश्यक खुलासा

‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. येथे चर्चिलेले बदल बहुतांशी रुग्णाच्या हयातीत फुप्फुसातील पेशींत घडतात; ते आईवडिलांकडून आलेले नसतात व मुलाबाळांकडे जात नाहीत. हा भेद समजावून न सांगितल्यास व्यसनाचा ठपका दूर होऊन त्याजागी घराण्याचा ठपका येतो आणि त्याची झळ कुटुंबातील मुलामुलींच्या विवाहापर्यंत पोहोचू शकते. मराठीतून विज्ञान शिकविणाऱ्या अध्यापकांवर याबाबत विशेष जबाबदारी आहे.

समारोप

केवळ जनुकीय बदल सापडल्याने आयुष्य वाढत नाही. त्या बदलाची वेळेवर तपासणी आणि त्यास अनुरूप औषध यांची साखळी पूर्ण झाली तरच ते वाढते. खानोलकरांच्या पिढीने रोगाचे कारण लोकांच्या सवयींत शोधले. पुढील पिढ्यांनी ते पेशींत शोधले. आता प्रश्न व्यवस्थेचा आहे. पूर्वीच्या औंध संस्थानातील आटपाडीच्या दुष्काळी भागातील रुग्णाच्या गाठीचा नमुना कोठे तपासला जातो, अहवाल किती दिवसांत हाती येतो आणि औषध त्याच्या कुटुंबाला परवडते का, यावर त्याचे आयुर्मान अवलंबून आहे. आचरणाची जबाबदारी व्यक्तीची असली, तरी या साखळीची जबाबदारी समाजाची आहे.