ताजमहाल हॉटेल, मुंबई
जमशेटजी टाटा यांनी अपोलो बंदरावर उभारलेले आलिशान हॉटेल. 16 डिसेंबर 1903 रोजी खुले झाले. युरोपच्या राजधान्यांतील हॉटेलांच्या तोडीचा निवास मुंबईत मिळावा म्हणून टाटांनी पॅरिसहून लोखंडी खांब आणि बर्लिनहून झुंबरे आणवली. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम तडीस नेले. घुमटाखालचा जिना मधल्या आधाराविना भिंतींना धरून वर चढतो. तो वैद्यांच्या कल्पनेतला. त्यांचे नाव आज फारच कमी घेतले जाते. 1982 मध्ये हे हॉटेल चालवणाऱ्या ताज समूहाने लंडनमधील बकिंगहॅम राजवाड्यानजीकचे सेंट जेम्स कोर्ट हॉटेल विकत घेतले.