वर्षअखेरचा हिशेब

मराठी माणसाचं वर्ष एकदा संपत नाही, तीनदा संपतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी पंचांगाचं, एकतीस मार्चला सरकारचं आणि एकतीस डिसेंबरला भिंतीवरच्या कॅलेंडरचं. पैकी पहिल्याच्या पाठोपाठ श्रीखंड येतं, दुसऱ्याच्या पाठोपाठ इन्कमटॅक्स. तिसऱ्यात आपलं असं काही नाही, असं आमचे वडील म्हणत. डोंबिवलीकरांनी तर १९९९ साली गणेश मंदिराच्या पुढाकारानं पाडव्याची शोभायात्रा काढून पहिल्या वर्षाची बाजू चांगली भक्कम करून ठेवली आहे. पण खरं सांगू? मला आपला डिसेंबरच आवडतो. मंडईत ओला हरभरा येतो, पंखा लावावा की नको यावर घरात मतभेद होतील इतपत थंडी पडते, आणि गाणं असतं.

एकतीस डिसेंबरला मी एका जुन्या डायरीत हिशेब लिहितो. वाचलेली पुस्तकं इतकी, ऐकलेल्या मैफली इतक्या. "दुधाचा हिशेब कधी लिहिला नाहीत तो," असं सौ. दर वर्षी म्हणते. तेही मी आता लिहून ठेवतो.

तुम्हांला वाटेल, ही रिकामटेकड्या पेन्शनराची हौस. असेल. पण तिला इतिहास आहे, आणि तो आमच्या भागात आगगाडीतून आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस मैल. मी भागाकार करून पाहिला आहे. डब्याला साधारण अठ्ठावीस माणसं! आज तेवढी आमच्या डब्याच्या दारात असतात आणि तरीही "आत सरका" म्हणणारा एक असतोच. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, गाडी कल्याणपर्यंत गेली. आणि गाडी आल्यावर दहाच वर्षांनी, १८६४ साली, कल्याणात सार्वजनिक वाचनालय निघालं. गाडी आली म्हणूनच वाचनालय निघालं, असं म्हणण्याइतका मी विद्वान नाही. पण लोकलमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला तो क्रम फार पटतो. बसायला जागा मिळाली की आम्हांला झोप तरी लागते, नाहीतर वाचायला तरी लागतं.

ठाणेकर त्या मानानं उशिरा जागे झाले, पण झाले ते एकदम. १ जून १८९३ ला त्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. त्या काळी लायब्ररीतली कपाटं इंग्रजी ग्रंथांनी भरायची आणि कोपऱ्यात कुठे मराठी असायचं. इथे ठरवलं की संग्रह करायचा तो मराठीचाच. हे ठरवणाऱ्यांत विनायक लक्ष्मण भावे होते. हेच पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे. त्या वेळी त्यांचं वय एकवीस! एकवीसाव्या वर्षी मी काय करत होतो, ते इथे सांगण्यासारखं नाही. मुंबईला तिचं मराठी ग्रंथसंग्रहालय मिळालं १८९८ साली, म्हणजे ठाण्यानंतर पाच वर्षांनी. मुंबईकर पाहुणा आला की मी ही तारीख चहाबरोबर देतो.

ठाणेकरांचा हा उत्साह अजून ओसरलेला नाही. २०१० साली चौऱ्याऐंशीवं साहित्य संमेलन त्यांनी भरवलं तेही ऐन नाताळात, २५ ते २७ डिसेंबरला. अध्यक्ष उत्तम कांबळे. मी तिन्ही दिवस डोंबिवलीहून जाऊन-येऊन होतो. भाषणं किती ऐकली ते विचारू नका. दोन पिशव्या पुस्तकं मात्र आणली. सौ.नं दारातच विचारलं, "ही ठेवणार कुठे?" मी म्हटलं, वाचून झाली की सांगतो. ती अजून विचारते आहे.

गाण्याचंही तसंच. कल्याण गायन समाज १९२६ सालचा. त्यांचा देवगंधर्व महोत्सव भास्करबुवा बखल्यांच्या नावानं होतो. बुवा १८६९ ते १९२२, जेमतेम बावन्न वर्षांचं आयुष्य. तेवढ्यात फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांकडे शिकून घेतलं आणि वर बालगंधर्व, मास्टर कृष्णराव असे शिष्यही तयार केले. ठाण्यात राम मराठ्यांच्या नावाचा महोत्सव आहे. तेच ते, लहानपणी 'गोपाळकृष्ण' चित्रपटात कृष्ण झालेले आणि पुढे 'मंदारमाला' गाजवणारे. १९८९ साली ते गेले. गडकरी रंगायतन १९७८ साली तलावपाळीला उभं राहिल्यावर ठाणेकरांची मोठीच सोय झाली. मध्यंतरात बाहेर आलं की तलावावरचा वारा फुकट.

तर या सगळ्या मैफलींना मी एकटा कधी गेलो नाही. माझे एक मित्रवर्य आहेत. आमची ओळख लोकलमधली, १९७९ सालची. मला रागांतलं ओ की ठो कळत नाही. गाणं सुरू झालं की पाच मिनिटांत मित्रवर्य माझ्या कानात नाव सांगायचे, मी मान डोलवायचो, आणि डायरीत रात्री तेच नाव लिहायचो. डायरीतले सगळे राग त्यांचे आहेत. माझं फक्त अक्षर.

गेली दोन वर्षं मित्रवर्यांना ऐकू येत नाही. मुलानं महागाचं यंत्र आणून दिलं, ते त्यांनी कपाटात ठेवलं. "त्यात तंबोऱ्याच्या जागी पत्रा वाजतो हो." या डिसेंबरात मला वाटलं, आता कसले येतात. पण मैफलीच्या दिवशी चारलाच इस्त्रीचा झब्बा घालून दारात उभे. "कल्याणला जायचं ना?"

तिसऱ्या रांगेत बसलो. आलाप सुरू झाला आणि पाच मिनिटांनी, सवयीनं, मी कान त्यांच्याकडे केला. ते माझ्याकडेच बघत होते. मग साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कोणता?"

लोक वळून बघायला लागले. मला घाम फुटला. शेवटी पुढच्या गृहस्थांच्या खांद्याला हात लावून विचारलं. ते न वळताच "मारवा" म्हणाले. वाचनालयाची पावती खिशात होती, तिच्या मागे मी ते लिहिलं आणि मित्रवर्यांना दिलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "असं होय," म्हणाले आणि पावती घडी करून झब्ब्याच्या खिशात टाकली.

मग तबला सुरू झाला. मित्रवर्यांची नजर तबलजीच्या हातावर होती आणि बोटं माझ्या गुडघ्यावर. दर समेला नेमकी टपली बसत होती. मध्यंतरापर्यंत एकदाही चुकली नाही. मध्यंतरात चहा घेताना मी पावती मागितली, मागच्या बाजूला पुस्तक परत करायची तारीख होती. "ती मिळायची नाही," ते म्हणाले. "दुसरी करून घ्या."